आधी विचारलेला प्रश्न

३ मार्च, सोमवार

आज दुपारच्या दोन तासांत बावीस प्रश्न निकालात काढले. बावीस! हे दुकानातून आल्यावर मोठ्या उत्साहाने सांगायला गेले, तर म्हणाले, "निकालात काढलेस की सोडवलेस?" यांना शब्दाचा कीस पाडायची खोडच आहे. जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, दुसरं काय होणार.

वही नवी आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या तळघरात बसून बिघडलेली यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा या फोरमवर आले. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे अशा पेशंटांची मुलं, सुना, भाच्या इथे प्रश्न टाकतात आणि आम्ही पाच-सहा जण उत्तरं देतो. खरं नाव कुणी लावत नाही. मी 'पाना' म्हणून बसते. सगळे मला पानादादा म्हणतात. पहिलं वर्षभर चूक सुधारत होते, मग सोडून दिलं. दादा म्हटलं की लोक वाद कमी घालतात.

तर बावीस. त्यातले सतरा तेच ते. बाटलीत कुठलं पाणी घालायचं, नळी किती लांब चालते, घरघर येते ती बरोबर की चूक, पिवळा दिवा लागलाय तर काय करू. या शेवटच्याचं उत्तर मी तीन वर्षांपूर्वीच चित्रासकट लिहून ठेवलंय: घाबरू नका, जाळी धुवायची आठवण आहे, दोन-चार दिवसांनी धुतली तरी चालेल. आता कुणी विचारलं की त्याची लिंक चिकटवायची, 'आधी विचारलेला प्रश्न' असा शिक्का मारायचा आणि प्रश्नाला कुलूप. वीस सेकंदांचं काम.

आज 'निळी छत्री' नावाच्या कुणीतरी पुन्हा तेच विचारलं. 'आत्याच्या मशीनवर कालपासून पिवळा दिवा आहे. शोधून पाहिलं, पण आमच्या मशीनसारखं चित्र सापडलं नाही. कृपया सांगाल का?' शिक्का मारला. वर एक ओळही लिहिली: 'विचारण्याआधी नीट शोधावं ही विनंती. उत्तर देणाऱ्यांनाही दोनच हात असतात.' ओळ तीन जणांना आवडली.

५ मार्च, बुधवार

अक्षर नीट येत नाहीये. तरी लिहिते.

एकजण आहे, त्याने स्वतःच 'अडाणी नंबर एक' असं नाव घेतलंय. बस चालवतो, घरी सासरे मशीनवर. काल त्याने पिवळ्या दिव्याचं विचारलं, मी कुलूप घातलं. आज सकाळी नवा प्रश्न टाकला, तोच. परत कुलूप. अकरा वाजता तिसऱ्यांदा. मी दात-ओठ खात लिहायला बसले की बाबा रे, एकदा सांगितलेलं कळत नाही का. पण त्याच्या खाली त्याने लिहिलं होतं:

'दादा, रागावू नका. तुमच्या चित्रात पिवळा दिवा डावीकडे आहे, आमच्यात उजवीकडे. एवढंच सांगा, दोन्ही एकच का? कारण सासऱ्यांची नखं निळसर दिसतायत.'

सोबत फोटो. तेच पांढरं खोकं, तीच मूठ, तेच नाव. पण दिव्याखाली जाळीचं चित्र नव्हतं. मागच्या पट्टीवर मॉडेलच्या नंबरापुढे एक अक्षर जास्त होतं.

नखं निळी म्हणजे काय ते कळायला मला पुस्तक लागत नाही. लिहिलं, 'मशीनवर विसंबू नका. सिलिंडर आहे का? आत्ताच्या आत्ता लावा आणि अँब्युलन्स बोलवा.' त्याने विचारलं, 'नक्की ना दादा?' मी लिहिलं, 'नक्की.' मग अर्धा तास काहीच नाही. त्या अर्ध्या तासात मी कंपनीच्या साइटवरून नव्या मॉडेलचं माहितीपुस्तक उतरवलं. पान चौदा. 'पिवळा दिवा: ऑक्सिजनची शुद्धता धोक्याच्या पातळीखाली आहे. रुग्णाला ताबडतोब पर्यायी ऑक्सिजनवर घ्यावे.'

जुन्यात पिवळा म्हणजे जाळी धुवा. नव्यात पिवळा म्हणजे माणूस वाचवा. खोकं मात्र तेच.

त्याचं आलं: 'सिलिंडर लावला. नखं गुलाबी झाली. हॉस्पिटलात नेतोय. दादा, तुमचे उपकार.'

उपकार हा शब्द वाचून मोरीत जाऊन उलटी केली.

६ मार्च, गुरुवार

नवं मॉडेल बाजारात येऊन आठ महिने झाले. आठ महिन्यांत पिवळ्या दिव्याच्या किती जणांना मी ती लिंक चिकटवली ते मोजलं. एकोणतीस. त्यातल्या अठरांनी कुठे ना कुठे जुनं मॉडेल लिहिलंय किंवा फोटो टाकलाय. अडाणी नंबर एक हॉस्पिटलात पोचला आहे, सासरे ठीक आहेत. राहिले दहा. त्यांनी मॉडेल लिहिलेलं नाही. मी विचारलेलं नाही. तळघरात कुठलंही यंत्र आलं की आधी पालथं करून पट्टी वाचायची, हे मी शिकाऊ लोकांना कानीकपाळी ओरडून सांगायचे.

शिवाय ते उत्तर चार हजारांवर लोकांनी उघडलंय. ते कोण, कुठले, देव जाणे.

फोरम ज्याने सुरू केला त्याला फोन केला. त्याचं इथलं नाव 'दीपस्तंभ'. मला ताई म्हणतो, फार अदबीने बोलतो. म्हटलं, पहिल्या पानावर लाल अक्षरात सूचना लावू या.

"ताई, घाई नको. गोंधळ उडेल. लोक घाबरून चांगली मशीनंही बंद करतील."

"अहो, पण..."

"योगायोग बघा, मी कंपनीच्याच लोकांबरोबर बसलोय. मी त्यांच्याशी बोलतो. तुम्ही तोवर ते उत्तर काढून टाका. गाजावाजा न करता. आणि कुणी विचारलं तर म्हणा, जुनं झालं होतं."

काढून टाकलं. एका बटणाचं काम. त्याचं म्हणणं मला पटलं. माणूस तत्पर आहे, आपण सांगायच्या आत कंपनीशी बोलायला लागलासुद्धा. गेल्या महिन्यापासून आपला फोरम त्यांच्याच सर्व्हरवर चालतो, तेव्हा ते त्याचं ऐकतील.

दहाही जणांना खाजगी निरोप पाठवले. 'पिवळा दिवा अजून आहे का? मागच्या पट्टीवरचा नंबर कळवा. तातडीचं आहे.'

७ मार्च, शुक्रवार

सकाळपासून चार जणांची उत्तरं. एकाचं मशीन जुनं. एकीने ते केव्हाच विकलं. एक गृहस्थ नव्या मॉडेलवाले, पण त्यांनी माझं उत्तर वाचलंच नव्हतं. 'एवढं लांबलचक कोण वाचतं, मी सरळ दुकानदाराला फोन केला,' म्हणाले. असल्या आळशी लोकांवर मी किती आग पाखडली असेल. आज त्यांना दंडवत घालावासा वाटला.

चौथीचं लिहिणं असं: 'आई डिसेंबरात गेली. दिवा पिवळा होता की नाही आठवत नाही. का विचारताय?'

मी का विचारत्येय?

तिचा प्रश्न काढून पाहिला, सप्टेंबरातला. पट्टीचा नंबर तिला ठाऊक नाही, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. तासभर बसून लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी पाठवलं, 'नोंदी तपासत होतो. आईंबद्दल वाईट वाटलं.' तपासत होतो, असंच लिहिलं. दादा होऊन.

जेवले नाही. यांना सांगितलं, पित्त झालंय.

९ मार्च, रविवार

दहातले नऊ जण सापडले. हे वाक्य लिहिताना जरा हायसं वाटायला हवं होतं.

राहिली ती निळी छत्री.

तिचं सगळं लिखाण काढून वाचलं. सगळं म्हणजे तीन प्रश्न. नोव्हेंबर: 'नळी खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पुरेल एवढी लांब घेतली तर चालेल का? आत्याला ओट्याशी उभं राहायला आवडतं.' जानेवारी: 'दुपारी वीज जाते तेव्हा तिला किती वेळ तसंच ठेवता येईल?' मार्च: पिवळा दिवा. तिन्हींवर शिक्का आहे. तिन्ही शिक्के माझे. जानेवारीच्या प्रश्नाला तर मी अकरा सेकंदांत कुलूप घातलंय, वेळ नोंदलेली असते. अकरा सेकंदांत तो प्रश्न वाचूनसुद्धा होत नाही.

४ तारखेनंतर ती फोरमवर आलेली नाही. माझा निरोप न उघडता पडून आहे.

दर दहा मिनिटांनी बघते. फोन उशाशी, फोन मोरीत, फोन कपडे वाळत घालताना चिमट्यांच्या डब्यात. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी वाटतं, मलाच शोधत आलेत.

१० मार्च, सोमवार

दीपस्तंभचा फोन. "शांत झालं ना ताई सगळं?"

म्हटलं, एक बाई सापडत नाही. तो म्हणाला, लोक येतात नि जातात, इंटरनेट आहे. सूचनेचं विचारलं. कंपनीचा विधी विभाग मजकूर बघतोय म्हणाला, दोन-तीन आठवडे लागतील. आणि मी त्या दहा जणांना जे निरोप पाठवले त्यांची प्रत त्याला हवी होती, आणि यापुढे लेखी काही पाठवायच्या आधी त्याला दाखवायचं. बिचाऱ्याला माझीच काळजी. म्हणाला, "उद्या कुणी तुमच्यावरच शेकवलं तर?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता दुसरं काही येतच नाही.

ठरवलं, गप्प बसायचं. ठरवल्यावर फोन कपाटात ठेवला. तासाभराने पुन्हा काढला.

१२ मार्च, बुधवार

यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे सांगावं लागलं. दुपारी दुकानातून जेवायला आले तर मी ओट्याशी उभी, दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस तसाच सुरू. खिडकी उघडली, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "आता पित्त म्हणू नकोस."

सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही शब्दाचा कीस पाडला नाही. मग म्हणाले, "ती बाई कुठे सापडेल?"

"नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही."

"मशीन कुठून घेतलं?"

"मला काय माहीत!"

"अगं, फोटो नाही का टाकला कधी?"

टाकला होता. नोव्हेंबरातल्या नळीच्या प्रश्नाला. मी तो तेव्हा उघडलाही नव्हता. नळीच दिसते, पण कोपऱ्यात खोक्याचा काठ आहे आणि त्यावर विक्रेत्याची चिकटपट्टी, फोन नंबरासकट. यांनी खिशातून भिंग काढून नंबर वाचला. आमच्याच शहरातला. दोन बस बदलून जाता येईल इतक्या जवळचा.

फोन लावताना तीनदा चुकीचं बटण दाबलं. दुकानात एक बाई होत्या. मी निळ्या छत्रीच्या आत्याचं, चार-पाच महिन्यांपूर्वी घेतलेल्या मशीनचं, लांब नळीचं वर्णन केलं. त्या म्हणाल्या, "ते मशीन शनिवारी आमच्याकडे दुरुस्तीला आलं. पेशंट अॅडमिट आहे. तुम्ही कोण?"

अॅडमिट. म्हणजे आहे. जिवंत आहे.

"कोण बोलताय?"

यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते, मदत करायची नाही असं ठरवून.

"त्यांना जिने चुकीचं उत्तर दिलं ती मी," म्हटलं.

पलीकडे बाईंनी वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, नंबर देता येणार नाही, पण तुमचा नंबर त्यांना पोचवते.

आता वाट बघायची. फोन वाजावा असंही वाटतं आणि वाजू नये असंही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी सव्वानऊला वाजला.

"पाना तुम्ही?" तरुण, कोरडा आवाज.

"हो."

"बाई आहात?"

"हो."

"बरं. मला फोनवर काही ऐकायचं नाही. समोर येऊन सांगा. उद्या चार ते पाच भेटायची वेळ असते." हॉस्पिटलचं नाव, मजला, खाट सांगितली आणि ठेवून दिला.

दीपस्तंभला कळवावं का? तो जाऊ नका म्हणेल. म्हणूनच कळवावंसं वाटतंय. नाही कळवलं.

हे म्हणाले, सोबत येऊ का. नको म्हटलं. मग म्हणाले, "एक सांगू? मी चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच विचारतोय, 'आता दिसतंय का?' त्याने हो म्हटल्याशिवाय काच बसवत नाही. तुझ्या त्या शिक्क्यात विचारण्याची जागाच नाही."

बोलायला काय जातंय यांचं. यांची काच चुकली तर माणूस फार तर खांबावर आपटेल.

१४ मार्च, शुक्रवार

गेले. आले. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीचं आठवेन.

हॉस्पिटल म्हणजे माझं माहेरच, पण आज प्रत्येक पिप् आवाज माझ्या नावाने वाजतोय असं वाटत होतं. खाटेशी तिशीची मुलगी उभी, केस घट्ट बांधलेले, हातात पुस्तक. खाटेवर लहानखुऱ्या बाई, नाकात नळी, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. झोपलेल्या.

मुलगी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. पाठ करून ठेवलेलं होतं तिने.

"सोमवारी तुमची लिंक वाचली. जाळी धुतली. दिवा गेला नाही. तुम्ही लिहिलं होतं दोन-चार दिवस चालेल, म्हणून थांबले. मंगळवारी आत्या चहा मागायच्या जागी, वर्गात असल्यासारखं, मला 'बेल वाजली का' विचारत होती. मला वाटलं, वय झालंय. पुन्हा विचारावं म्हणून लॉगिन केलं. तुमची ती ओळ वाचली, दोन हातांची. आणि बंद केलं."

एक ट्रॉली जायला तिने वाट दिली.

"बुधवारी मी कामावर होते. ती उठली, मोरीच्या दारात पडली. शेजारच्या बाईंना आवाज आला म्हणून. तीन दिवस आयसीयू."

बुधवार. मी पान चौदा वाचत होते तो बुधवार.

"मी काय काम करते माहितीये?" ती म्हणाली. "शाळेच्या ग्रंथालयात आहे. दिवसभर लोकांना पुस्तकं शोधून देते. ज्यांना नावही आठवत नाही, लेखकही नाही, नुसतं 'हिरवं कव्हर होतं' म्हणतात त्यांनासुद्धा. आणि तुम्ही मला म्हणालात, नीट शोधा."

माझ्या तोंडून एवढंच आलं, "मी मॉडेल विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, आणि उत्तर मी काढून टाकलं पण कुणाला जाहीर सांगितलं नाही, तीही."

"काढून टाकलं?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होती. "म्हणजे मी तक्रार केली तर दाखवायला काही उरलं नाही."

आई शप्पथ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या आलं. 'गाजावाजा न करता.' 'निरोपांची प्रत पाठवा.' दीपस्तंभने पुरावा माझ्याच हाताने पुसवला होता. म्हटलं, "माझ्या संगणकावर मूळ मजकूर आहे. तारखांसकट देते. माझ्या खऱ्या नावाने, सही करून देते."

"घेणार आहे मी," ती म्हणाली. "आणि माफबिफ केलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

आतून हाक आली, "कोण आहे गं?"

आत गेलो. भाचीने एका वाक्यात सांगितलं, ही ती उत्तरवाली. वाटलं, आता म्हातारी रडेल किंवा शिव्या देईल, दोन्हीची तयारी होती. बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"मी टायपिंग शिकवायचे," त्या म्हणाल्या. बोलताना दर चार शब्दांनी थांबत होत्या. "तीस वर्षं. प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी एकच विचारायची. बाई, अक्षरं ओळीने का नाहीत? क नंतर ख का नाही?"

"मग?"

"मग काय. सांगायचे. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा एकीला म्हटलं, गप बस आणि बोटं चालव. दुसऱ्या दिवशी आली नाही ती. तिसऱ्या दिवशीही नाही. नाव आठवत नाही. वेणीला लावलेली पिन आठवते." बाई थांबल्या, दम घेतला. "तुम्ही निदान आलात बघायला. मी नव्हते गेले."

मी त्यांच्या डाव्या हाताला हात लावला. उजव्याकडे बघवत नव्हतं.

"बाकीच्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या बाकीच्यांचं?"

"माझ्यासारखी किती जणं आहेत?"

चार हजार म्हणायला जीभ रेटेना.

१५ मार्च, शनिवार

सकाळी दहा वाजता सूचना लावली. कुणाला विचारलं नाही. पहिल्या पानावर, लाल अक्षरात: नव्या मॉडेलवर पिवळा दिवा लागल्यास थांबू नका, सिलिंडर लावा, डॉक्टरांना कळवा. पट्टीवरचं ते जास्तीचं अक्षर कुठे शोधायचं त्याचा फोटो. आणि खाली: 'आधीचं उत्तर चूक होतं. ते मी लिहिलं होतं. एका पेशंटला त्यामुळे इजा झाली.' पुढे माझं खरं नाव. पानादादा बाई आहे हे पाहून लोक काय म्हणतील या विचाराने एवढ्या सगळ्यात मला हसू आलं. लगेच गेलंही.

बटण दाबल्यावर संगणकापासून लांब, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, जणू त्यातून कुणी हात बाहेर काढणार होतं.

पावणेबाराला सूचना गायब. दीपस्तंभचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. मग त्याचाच निरोप आला, माझे देखरेखीचे अधिकार काढून घेतले आहेत, 'संस्थेच्या हितासाठी'. त्या दोन ओळींत ताई नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

मला वाटलं होतं, संपलं. पण सूचना पावणेदोन तास होती ना, तेवढ्यात अडाणी नंबर एकने तिचा फोटो काढून ठेवला. स्वतःच्या नावाने परत टाकला. काढला की परत. त्याच्यावर बंदी आली तर 'अडाणी नंबर दोन' म्हणून आला. आज सकाळी अडाणी नंबर चौदापर्यंत आकडा गेला होता आणि ते सगळे काही तो एकटा नव्हता. त्या विक्रेत्या बाईंनी ती छापून दुकानाच्या काचेवर लावली म्हणे. दुपारी फोरमच्या पहिल्या पानावर सूचना आली, दीपस्तंभच्या सहीची, 'कंपनीच्या सहकार्याने'. माझं नाव नाही. लाल मात्र आहे.

काही लोकांनी मला खाजगीत लिहिलं. बरेचसे चांगलं. एकाने लिहिलं, 'खुनी'. बाकीची पुसट आठवतात, हा एक शब्द पाठ झाला.

२१ मार्च, शुक्रवार

ग्रंथालयात जाऊन भाचीला कागद दिले. मूळ उत्तर, तारखा, शिक्क्यांची यादी, दीपस्तंभशी झालेलं बोलणं मला आठवतं तसं, सही. तिने पानं मोजली, पोच लिहून दिली. "यात तुमच्यावरही येईल," म्हणाली. म्हटलं, माहितीये. काउंटरशी एक आजोबा आले आणि विचारायला लागले, ते नदीवरचं पुस्तक, जाडसं. ती त्यांच्याबरोबर कपाटांत निघून गेली, माझा निरोप न घेता.

ज्या बाईची आई डिसेंबरात गेली तिलाही काल खरं काय ते लिहिलं. अजून उत्तर नाही. येईपर्यंत रोज सकाळी उठल्याउठल्या तेच बघते. आल्यावर काय, माहीत नाही.

२ एप्रिल, बुधवार

आता मी फोरमवर साधी सदस्य. मला प्रश्नांना कुलूप घालता येत नाही, शिक्का मारता येत नाही. उत्तर तेवढं देता येतं. दिवसाला तीन होतात, कधी चार.

आज बारा वाजता नवा प्रश्न दिसला आणि अंगावर काटा आला. निळी छत्री.

'आत्याला काल घरी आणलं. बदली मशीन मिळालं आहे. हिरवा दिवा लागला आहे. हिरवा म्हणजे ठीक ना?'

कुणालाही उद्देशून नव्हता. कुणीही उत्तर देऊ शकलं असतं, जगात याहून सोपा प्रश्न नसेल. अर्धं मिनिट वाट पाहिली, कुणी देतंय का. मग लिहिलं, 'मागच्या पट्टीचा फोटो टाकाल का?' तिने टाकला. त्या मॉडेलचं पुस्तक उतरवून दिव्यांचं पान दोनदा वाचलं. विचारलं, बोटाला लावायचं यंत्र किती दाखवतंय. एक्क्याण्णव, डॉक्टरांनी नव्वदच्या वर चालेल म्हटलंय. ओठांचा रंग? नेहमीचा. काचेच्या नळीतली गोळी कितीवर तरंगतेय? दोनवर. डॉक्टरांनी किती सांगितलंय? दोनच. आत्या काय करतायत? 'ओट्याशी उभी आहे, मला ओरडतेय, फोन ठेव म्हणून.'

हे जेवायला आले होते. त्यांना खुर्चीत बसवून सगळं वाचायला लावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "यात मला चूक दिसत नाही," म्हणाले. "पण मी चष्मेवाला."

तरी बोट बटणावर ठेवून बसले होते मी. हिरवा म्हणजे ठीक, हे माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पिवळ्याचंही माहीत होतं.

लिहिलं, 'हो. आज हिरवा म्हणजे ठीक.'

लगेच तिचं आलं, 'आणि उद्याही हिरवाच असला तर? तेव्हाही ठीकच ना?'

मी लिहिलं, 'उद्या पुन्हा विचारा.'